नोकरी सोडणारे आणि सोडायला लावणारे

खाजगी बँकेच्या शाखेत गृहकर्जाची चौकशी करून आलेला खातेदार चार-सहा महिन्यांनी कागदपत्रे घेऊन पुन्हा तेथे गेला, तर ज्याच्याशी पूर्वी बोलणे झाले तो अधिकारी बहुधा त्याला भेटत नाही. तो दुसऱ्या बँकेत गेलेला असतो. त्याच्या जागी आलेला तरुण सारे प्रश्न पहिल्यापासून विचारतो आणि खातेदाराला सारी हकीकत पुन्हा सांगावी लागते. हा अनुभव आता इतका सर्रास झाला आहे की, त्याची कोणी तक्रारही करीत नाही. रिझर्व्ह बँकेने मात्र त्याची दखल घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बँकव्यवसायाविषयीच्या वार्षिक अहवालात तिने असे नमूद केले की, निवडक खाजगी बँका व लघु वित्त बँका यांतील कर्मचाऱ्यांची गळती तीन वर्षांत वाढली असून तिचे प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास आहे. ग्राहकसेवेत पडणारा खंड, संस्थेच्या संचित ज्ञानाची हानी आणि भरतीचा वाढता खर्च हे तिचे परिणामही अहवालात सांगितले आहेत. २०२३-२४ मध्ये खाजगी बँकांतील कर्मचाऱ्यांची एकूण संख्या सरकारी बँकांतील संख्येच्या पुढे गेली. हे लक्षात घेतले तर हा प्रश्न किती मोठ्या नोकरवर्गाचा आहे हे ध्यानात येते.

२५ टक्के या आकड्याचा अर्थही नीट लावला पाहिजे. शंभरांपैकी पंचवीस माणसे वर्षाला जातात, म्हणून चार वर्षांत सारी बँक नवी होते असे नाही. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेले अधिकारी सहसा जागचे हलत नाहीत. जाणारे बव्हंशी पहिल्या एक-दोन वर्षांतले, काउंटरवर, वसुलीवर किंवा ठेवी गोळा करण्याच्या कामावर नेमलेले तरुण असतात. त्यामुळे वरच्या मजल्यावर स्थैर्य आणि तळमजल्यावर अखंड ये-जा असे दृश्य दिसते. सामान्य खातेदाराचा ज्या खुर्चीशी संबंध येतो, नेमकी तीच वारंवार रिकामी होते. सरासरीचा आकडा हे झाकून ठेवतो.

दोष कोणाचा?

या गळतीचे एक ठरीव स्पष्टीकरण व्यवस्थापकांच्या तोंडी असते. आजची पिढी अस्थिर आहे, तिला धीर नाही, दोन-चार हजार रुपये अधिक मिळताच ती घर बदलावे तशी नोकरी बदलते, असे हे स्पष्टीकरण आहे. ते ऐकताना मुंबईच्या जुन्या गिरणीमालकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गिरणीकामगार टिकत नाही, कारण त्याचे मन कोकणातील वा देशावरील गावात अडकलेले असते आणि शिमगा-गणपती आले की तो यंत्र टाकून चालू लागतो, हे त्या काळी सर्वमान्य मत होते. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने खोलात जाऊन चौकशी केली, तेव्हा निराळेच चित्र समोर आले. ना. म. जोशी हे या आयोगाचे एक सदस्य होते. कामगाराला कामावर घेणे आणि काढणे हे दोन्ही अधिकार जॉबरच्या हाती होते, कामावर लागण्यासाठी आणि टिकण्यासाठीही त्याला लाच द्यावी लागे, आणि माणूस जितक्या वेळा बदलेल तितकी जॉबरची प्राप्ती वाढे. म्हणजे ज्याने माणसे टिकवावयाची, त्याचेच हित ती न टिकण्यात होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरचे हे अधिकार काढून घ्यावेत आणि गिरण्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. गावाची ओढ खोटी नव्हती. पण कामगाराच्या स्वभावाच्या माथी मारलेला दोष बऱ्याच अंशी गिरणीच्या कारभाराचा होता.

याच्या उलट दाखला नागपूरचा आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि भारतात नोंद झालेल्या आरंभीच्या संपांपैकी एक संप त्याच वर्षी वेतनदरावरून याच गिरणीत झाला. कामावर नियमित न येणे हीही तेथील मोठी अडचण होती. तथापि केवळ दंडावर भिस्त न ठेवता व्यवस्थापनाने १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्यास प्रारंभ केला. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये झाला, म्हणजे नागपूरने तो २८ वर्षे आधी अमलात आणला होता. गिरणीतील हवा सुसह्य राखणारी यंत्रणा आणि आगीपासून बचाव करणारे पाण्याचे फवारे ही साधनेही तेथे फार लवकर आली. एम्प्रेस मिल कामगारांचा स्वर्ग होती असा याचा अर्थ नव्हे. माणसे टिकत नाहीत या तक्रारीचे उत्तर त्या व्यवस्थापनाने माणसांच्या स्वभावात न शोधता आपल्या कारभारात शोधले, एवढाच याचा अर्थ आहे.

वेतन आणि वागणूक

मग सारा प्रश्न पगाराचाच आहे काय? वेतन अपुरे असेल तर अन्य कोणतीही मलमपट्टी उपयोगी पडत नाही, हे उघड आहे. परंतु केवळ वेतन वाढवून गळती थांबते या समजुतीसाठी ज्या उदाहरणाचा हवाला नेहमी दिला जातो, ते उदाहरण पूर्ण वाचले जात नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराजवळच्या फोर्ड कंपनीच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरासरी सुमारे १३,६०० कामगार होते आणि ही संख्या कायम राखण्यासाठी वर्षभरात ५०,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली. गळतीचे हे प्रमाण ३७० टक्के होते. ५ जानेवारी १९१४ रोजी हेन्री फोर्ड यांनी कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि रोजची प्राप्ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर, केल्याचे जाहीर केले. १९१४ मध्ये गळती ५४ टक्क्यांवर आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर उतरली. येथवरची कथा सर्वांना ठाऊक असते.

या घोषणेच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर १९१३ मध्ये, जॉन ली या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्याच कारखान्यात जे बदल झाले, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. तोवर ६९ निरनिराळे वेतनदर चालत आणि कोणाला कोणता दर लावावयाचा हे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून असे. ते दर आठ श्रेणींत बसविण्यात आले. मुकादमाने कामावरून दूर केलेल्या माणसाला थेट बाहेरची वाट न दाखविता दुसऱ्या विभागात काम द्यावे, अशी व्यवस्था झाली आणि काढून टाकण्याचा मुकादमाचा निरंकुश अधिकार संपला. म्हणजे पैसा वाढविण्यापूर्वी फोर्ड कंपनीने मनमानीला वेसण घातली होती. मुंबईच्या गिरण्यांना व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये जे सुचविले, त्याचा गाभा हाच होता.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाच डॉलरांपैकी जवळजवळ अर्धी रक्कम नफ्यातील वाटा म्हणून दिली जाई आणि ती मिळण्यासाठी कामगाराचे घर, त्याची काटकसर, त्याचे मद्यपान यांची कंपनीचे निरीक्षक घरी जाऊन तपासणी करीत. पुढे याच कंपनीने कामगार संघटनेला कडवा विरोध केला. २६ मे १९३७ रोजी संघटनेच्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या माणसांकडून मारहाण झाली, आणि संघटनेशी करार व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. कामगारांचे पाय चांगल्या वेतनाने कारखान्यात टिकले, त्यांचे तोंड मात्र बंद राहिले. ते बंद तोंड कधी ना कधी उघडतेच.

आकडा उतरला म्हणजे दुखणे बरे झाले काय?

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची एक उपयुक्त मांडणी केली आहे. संस्थेचा कारभार बिघडू लागला की तिच्यातील माणसांपुढे दोन मार्ग असतात. ती संस्था सोडतात, किंवा संस्थेत राहून आवाज उठवितात. निष्ठा असेल तर माणूस सोडून जाण्याचे लांबवितो आणि आधी बोलून पाहतो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने बोलणारा माणूस अधिक मोलाचा, कारण तो दोष कोठे आहे हे सांगतो. सोडून जाणारा ते ज्ञान बरोबर घेऊन जातो. पण ज्या कचेरीत बोलणाऱ्याला कटकट्या ठरविले जाते, तेथे शहाणी माणसे गप्प राहतात आणि संधी मिळताच निघून जातात.

या कसोटीवर माहिती तंत्रज्ञान व्यवसायाचा अलीकडचा अनुभव तपासण्यासारखा आहे. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इन्फोसिसने आपली गळती २८.४ टक्के असल्याचे जाहीर केले. त्यापुढच्या तिमाहीत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा आकडा २१.५ टक्के होता. दोन वर्षांनंतर, २०२४ च्या मध्यास, दोन्ही कंपन्यांचे प्रमाण १२ ते १३ टक्क्यांवर उतरले होते. या दोन वर्षांत व्यवस्थापन एकाएकी सुधारले काय? २०२३-२४ मध्ये या दोन्ही कंपन्यांची एकूण नोकरसंख्याच घटली होती. बाहेर मागणी मंदावली, नवी भरती आखडली आणि हिंजवडीतील अभियंत्याला जाण्यासाठी दार उरले नाही. तो राहिला; पण राहण्याचे कारण समाधान होते की नाइलाज, हे आकडा सांगत नाही. तेजीच्या काळात नव्याने घेतलेल्या माणसाला जुन्याहून अधिक पगार आणि मंदी येताच सर्वांची वेतनवाढ पुढे ढकलणे, हा व्यवहार कर्मचारी विसरत नाहीत. पुढची तेजी आली की तो हिशेब चुकता होतो.

ज्यांना सोडूनही जाता येत नाही आणि बोलताही येत नाही, अशांचे काय होते याचा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीकामगारांच्या वतीने वाटाघाट करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, ठेवला. कामगारांचा त्या संघटनेवरचा विश्वास उडाला, तरी दुसरे तोंड कायद्याला मान्य नव्हते. वर्षानुवर्षे बदली कामगार म्हणून राबणारा माणूस रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. दुसरीकडे काम नसल्याने तो जातही नसे. गळतीच्या हिशेबात हा कामगार टिकलेला दिसला असता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात बदली कामगारांना कायम करण्याची मागणी अग्रभागी होती. त्या संपात कामगार, गिरण्या आणि शहर या तिघांचीही जी हानी झाली, ती भरून निघाली नाही. नोकरवर्ग निमूट आहे म्हणजे सुखी आहे, असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने हा इतिहास वाचावा.

दाराला कुलूप

माणसे टिकविण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे दाराला कुलूप लावणे. ठराविक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरून देण्याचे करारपत्र, लांबलचक पूर्वसूचना, कामावरून मोकळे केल्याचा दाखला अडवून ठेवणे, हे त्याचे प्रकार होत. यांपैकी कराराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. पूर्वीच्या विजया बँकेतील एका अधिकाऱ्याने तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली आणि करारानुसार त्याच्याकडून दोन लाख रुपये घेण्यात आले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने ही अट वैध ठरविली. सरकारी बँकेला भरतीची खुली व खर्चिक प्रक्रिया पार पाडावी लागते, हा त्यातील एक विचार होता आणि तो रास्त आहे.

तथापि न्यायालय काय कायदेशीर आहे हे सांगते. काय शहाणपणाचे आहे हे सांगण्याचे काम त्याचे नव्हे. दोन लाखांच्या भीतीने थांबलेला अधिकारी तीन वर्षे पुरी होण्याचे दिवस मोजतो आणि त्या काळात त्याच्याकडून नियमापुरते काम मिळते. शिवाय कुलूप लागले की आतील दुखण्याची सूचना बंद होते. पाच-सहा माणसे एकाच शाखेतून एका वर्षात गेली तर त्या शाखेत काहीतरी बिघडले आहे, हे वरिष्ठांना कळते. करारपत्राने बांधून ठेवलेल्या शाखेचा बिघाड मात्र तीन वर्षे कागदावर उमटतच नाही.

करता येण्याजोगे

मग बँकांनी आणि अन्य संस्थांनी काय करावे? पहिली गोष्ट अशी की, गळतीचा हिशेब शाखावार आणि अधिकारीवार ठेवला पाहिजे. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे प्रमाण वार्षिक अहवालात जाहीर करावे लागते. हे स्वागतार्ह आहे. परंतु साऱ्या कंपनीची सरासरी तळमजल्यावरचे दुखणे लपविते. शाखाव्यवस्थापकाची बढती ठरविताना त्याने किती ठेवी आणल्या हे पाहिले जाते, तसेच त्याच्या हाताखालून किती माणसे आणि का गेली हेही पाहिले जावे. जॉबरचे हित माणसे बदलण्यात होते. आजच्या वरिष्ठाचे हित माणसे टिकविण्यात असेल, अशी व्यवस्था हवी.

दुसरी गोष्ट कामाच्या उद्दिष्टांची. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खाजगी बँकेचा अधिकारी दृक्‌श्राव्य बैठकीत हाताखालच्यांना उद्दिष्टांवरून अर्वाच्य भाषेत झापत असल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. बँकेने त्याला निलंबित केले. एवढ्याने असा प्रश्न मिटत नाही. आवाक्याबाहेरची उद्दिष्टे वरून खाली येत असतील, तर प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्यावरचा दाब खालच्यावर ढकलतो आणि शेवटच्या पायरीवरचा तो खातेदारावर ढकलतो. कर्ज मागायला आलेल्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी पडते ती यामुळेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी याच प्रकाराबद्दल बँकांना जाहीरपणे कानपिचक्या दिल्या होत्या. ज्याला रोज स्वतःला न पटणारी वस्तू विकावी लागते, त्या तरुणाने नोकरी सोडली तर त्याला अस्थिर म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट पहिल्या वर्षाची. नव्या माणसाला काम शिकविणारा अनुभवी सहकारी, ठरलेले प्रशिक्षण आणि पुढील वाटचालीची स्पष्ट कल्पना यांची निकड रिझर्व्ह बँकेच्या अहवालानेही सांगितली आहे. चौथी गोष्ट तक्रारीच्या वाटेची. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावरून ती पुढे जात असेल, तर ती वाट असून नसल्यासारखीच आहे. सरकारी बँकांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना वेतनाबाबत व्यवस्थापनांशी देशपातळीवर करार करतात. असा बारावा करार मार्च २०२४ मध्ये झाला. त्या बँकांतही बदल्या, अपुरे मनुष्यबळ आणि दिरंगाई यांची गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. पण बोलण्याची एक मान्य जागा असणे हा माणसे टिकण्याचा एक आधार आहे, हे खाजगी बँकांनी मान्य करावयास हवे.

जेथे रांग लांब आहे तेथे

या सर्व विवेचनात एक मर्म राहून जाता कामा नये. माणूस गेल्याने संस्थेला तोटा होतो हे व्यवस्थापनाला तेव्हाच जाणवते, जेव्हा त्याची जागा भरणे कठीण असते. जेथे दारात उमेदवारांची रांग असते, तेथे हा तोटा दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत मंजूर प्राध्यापकपदे मोठ्या संख्येने रिकामी असून त्यांवर तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. त्यांना तासावर मोबदला मिळतो, सुटीचा मिळत नाही, आणि पुढील वर्षाची शाश्वती नसते. असा शिक्षक सत्राच्या मध्यास दुसरी बरी नोकरी धरून गेला, तर महाविद्यालयाचा एक पैसाही बुडत नाही. दुसरा शिक्षक पुढच्या आठवड्यात रुजू होतो. तोटा त्या वर्गातील विद्यार्थ्यांचा होतो, आणि त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर उपदानाचा हक्क दिला, हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर कायम नोकऱ्यांची जागा मुदतीच्या नोकऱ्यांनी घेतली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

कर्मचारी-गळतीचा आकडा शून्यावर आणणे हे कोणत्याही संस्थेचे उद्दिष्ट असू नये. माणसाला चांगली संधी मिळाल्यावर त्याने जावे, यात वावगे काही नाही. किंबहुना तो त्याचा हक्क आहे. प्रश्न आहे तो ज्यांना राहावयाचे होते, काम आवडत होते, तरीही जावे लागले अशांचा. त्यांना घालविणारी कारणे बाजारभावात शोधण्याआधी त्यांच्या वरिष्ठाच्या वागण्यात, उद्दिष्टांच्या तक्त्यात आणि तक्रारीच्या बंद वाटेत शोधली पाहिजेत. या तिन्ही गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातील आहेत आणि त्या सुधारण्यास पगारवाढीइतका पैसाही लागत नाही. डेट्रॉइटजवळच्या कारखान्याने १९१३ मध्ये ही सुधारणा अवघ्या काही महिन्यांत केली होती. देशातील बँकांना त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या आणखी एका अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.